पवनचक्कीचा आवाज आणि डेसिबेलचे माप

पवनचक्क्यांचे नाव निघाले की सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीचे पठार किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल डोळ्यांपुढे येते आणि वाशीमच्या वाचकास हा दूरच्या मुलखाचा विषय वाटतो. परंतु उंच मनोरे व लांब पाती आल्यापासून मध्यम वाऱ्याचा प्रदेशही या उद्योगास परवडू लागला असून बीड, धाराशिवच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. उद्या त्या आमच्या शिवारात आल्या, तर शेजाऱ्यांच्या झोपेचे काय, हा प्रश्न आजच विचारलेला बरा.

कायद्यापाशी उत्तर तयार आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. पण हा आकडा सरासरीचा आहे आणि पवनचक्कीचा त्रास सरासरीत सापडत नाही. पाते हवा कापते तेव्हा सुमारे दर सेकंदास एकदा आवाज चढतो आणि उतरतो. डोक्यावरच्या पंख्याची अखंड घरघर कान विसरून जातो. गळक्या नळाचा थेंब मात्र रात्रभर जागवतो, तो मोठा असतो म्हणून नव्हे.

त्यात रात्रीची गोष्ट निराळी. सूर्यास्तानंतर जमीन निवते, अंगणातला वारा पडतो, झाडाचे पान हलत नाही; त्याच वेळी शंभर मीटरवर वारा जोमाने वाहत असतो. म्हणजे यंत्र भरात चालते आणि त्याचा आवाज झाकणारी पानांची सळसळ नसते. फ्रिट्स व्हॅन डेन बर्ग या डच शास्त्रज्ञाने २००४ साली हेच दाखवून दिले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील पाहणीत, तेवढ्याच डेसिबेलला वाहनांच्या आवाजापेक्षा पवनचक्कीचा आवाज अधिक लोकांना त्रासदायक वाटतो, असे आढळले.

या आवाजाने नाना रोग जडतात, अशी हाकाटीही होते. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१४ साली जाहीर केलेल्या निष्कर्षांत रोगांशी संबंध आढळला नाही. आवाजाबरोबर उद्वेग वाढतो, हे मात्र आढळले. हॉलंडमधील २००८ च्या पाहणीत तर ज्यांना पवनचक्कीपासून उत्पन्न होते, त्यांनी अधिक आवाजात राहूनही त्रासाची तक्रार क्वचितच केली. यावरून ‘हा सारा मनाचा खेळ’ असे म्हणणारे म्हणोत. घरच्या लग्नातला बँड आणि शेजारच्या लग्नातला बँड यांतील फरक कोणास ठाऊक नाही? आपल्याकडे जमिनीचा मोबदला एका खातेदारास मिळतो. आवाज मात्र बांधापलीकडच्या मजुराच्या झोपडीपर्यंत पोचतो.

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आवाजासाठी घरापासून ५०० मीटरचे अंतर सांगितले, हे योग्यच झाले. परंतु मनोरा कितीही उंच झाला तरी अंतर तेच. शिवाय पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत पवन प्रकल्पांचा समावेश नसल्याने, त्या अधिसूचनेतील जनसुनावणीही त्यांना लागू होत नाही. स्वच्छ विजेस आमचा विरोध नाही. कोळशाची राख विदर्भाने पुष्कळ सोसली आहे. मागणी एवढीच की, मोजणी दुपारी मनोऱ्याखाली न करता, वारा पडलेल्या रात्री शेजाऱ्याच्या अंगणात व्हावी, सरासरीबरोबर चढउतारही नोंदवावा आणि तो ठळक असेल तेथे पात्यांचा कोन बदलून यंत्राची रात्रीची गती उतरवावी. त्यात थोडी वीज बुडेल. ती किती, याचा हिशेब कंपनीने ग्रामसभेपुढे मांडावा.