मोडीत काढण्यापूर्वी

यशवंतपुरात दुपारचा वारा फिरला की चंदनी साबणाच्या कारखान्याचा वास रेल्वेच्या रुळांपर्यंत येतो. त्या वासात उभे राहून गेल्या मे महिन्यात आम्ही एक दृश्य पाहिले, आणि ज्या गोष्टीविषयी आजवर मित्रमंडळींत नुसते पुटपुटत होतो तिच्याविषयी चारचौघांत बोलणे भाग आहे असे आम्हांस वाटू लागले. एका सरकारी कचेरीच्या मागल्या पडवीत सतरा जुने संगणक एकावर एक रचले होते. शेजारी वजनकाटा, काट्याशेजारी पावतीपुस्तक घेतलेला गृहस्थ, आणि त्याच्या शेजारी निर्लेखन समितीच्या सह्यांचा कागद. एका यंत्राचे झाकण निखळले होते. आत डोकावलो तर पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड आपल्या खाचेत जसेच्या तसे बसलेले.

हे कार्ड म्हणजे काय, ते नव्या वाचकांस सांगावे लागेल. ज्या काळी सामान्य कचेरीतल्या संगणकास इंग्रजीखेरीज दुसरी लिपी येत नव्हती त्या काळी, म्हणजे १९८० नंतरच्या दशकात, कानपूरच्या आय.आय.टी.त ही कल्पना जन्मास आली आणि १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने ती पुण्यात वाढीस लावली. कार्ड बसवले की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी, कन्नड, तमिळ अक्षरे उमटत. कार्ड काढले की अक्षरे गेली, आणि त्यांच्या जागी चिन्हांचा चिवडा उरे. आपल्या लिप्यांनी संगणकात पाऊल टाकले ते ज्या थोड्या वाटांनी, त्यांपैकी ही एक वाट.

आम्ही तेवढे कार्ड मागितले. लेखी मागितले, कारण तोंडी मागितलेल्या वस्तूस सरकारी कचेरीत अस्तित्व नसते. किंमत भरण्याची तयारी दाखविली. उत्तर आले की असे देता येत नाही. मग आमच्या डोळ्यांदेखत ते कार्ड यंत्रासह काट्यावर चढले, आणि त्याबरोबर तीन खोकी फ्लॉपी डिस्का. त्यांवर काय होते हे तेथे कोणासच ठाऊक नव्हते. एका जुन्या शिपायाने मात्र सांगितले की पूर्वी कचेरीची गृहपत्रिका याच यंत्रावर जुळवीत असत.

येथे नियमाची बाजू आधी सांगितली पाहिजे, कारण आम्हीही नियमावरच पोट भरणारे आहोत. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे जी वस्तू खात्यास यापुढे उपयोगाची नाही ती जादा, कालबाह्य अथवा निकामी ठरविता येते. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांप्रमाणे मोठ्या ग्राहकाने असला माल केवळ नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीकार किंवा पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच सोपवावयाचा असतो. हा दंडक कोणा दुष्टाने केलेला नाही. जुन्या पडद्यांच्या काचेत शिसे असते, झाळकामात शिसे असते. तारा जाळून तांबे काढणारी आणि आम्लात बुडवून सोने काढणारी माणसे आपल्या शहरांच्या कडेला स्वतःचे आणि पोरांचे आयुष्य जाळीत आली आहेत. तो धंदा बंद पडावा अशीच आमचीही इच्छा आहे.

परंतु हे नियम एकच प्रश्न विचारतात: खात्यास उपयोग आहे काय? अन्य कोणास आहे काय, हा प्रश्न त्यांत नाही. आणि यातून जी विसंगती उद्भवते तिच्याकडे आमच्या वरिष्ठांनी क्षणभर तरी पाहावे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकाने निर्माण केलेले साहित्यही सार्वजनिक अभिलेख मानले आहे. म्हणजे फ्लॉपीवरचा मजकूर अभिलेख, तो नष्ट करण्यास रीत आणि परवानगी हवी. पण ज्या यंत्राखेरीज तो मजकूर वाचताच येत नाही ते यंत्र भंगार, त्यास पाच सह्या पुरेत. बरे, प्राचीन वस्तूंच्या कायद्याचा आसरा घ्यावा तर १९७२ चा तो कायदा वस्तूस शंभर वर्षे आणि हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षे वय मागतो. १९९० सालच्या जिस्ट कार्डाने २०९० पर्यंत कोठे दम धरावा? वजनकाट्यावर?

मराठी माणसास तरी ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. मोडीचे काय झाले हे आपण जाणतो. शेकडो वर्षे ज्या लिपीत आपला कारभार चालला ती गेल्या शतकाच्या मध्यास शाळांतून गेली, आणि आज पुण्याच्या पेशवे दफ्तरापासून तंजावरच्या सरस्वती महालापर्यंत रुमालच्या रुमाल वाचकाची वाट पाहत आहेत. तरी मोडीचे एक बरे आहे. कागद समोर धरला की अक्षर निदान दिसते. शिकणारा शिकू शकतो. फ्लॉपी समोर धरली तर काय दिसणार? काळी चकती. इंग्रजांनाही हा धडा मिळालेला आहे. त्यांच्या १०८६ सालच्या डूम्सडे बुकास नऊशे वर्षे झाली म्हणून बी.बी.सी.ने १९८६ साली सबंध देशाची नवी नोंदवही लेसर तबकड्यांवर तयार केली. पंधरा वर्षे होतात न होतात तोच ती वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली, आणि तबकड्या सोडविण्यासाठी विद्वानांस वेगळा प्रकल्प उभारावा लागला. नऊशे वर्षांचे चर्मपत्र मात्र तेव्हाही वाचता येत होते.

आपली अडचण तर त्याहून बिकट आहे. साधारण १९८५ ते २००५ या वीस वर्षांत जे मराठी संगणकावर जुळविले गेले ते एका पद्धतीचे नाही. काही इस्की संकेतात आहे. काही पुण्याच्या श्रीलिपीत, काही याच बंगळूर शहरात तयार झालेल्या आकृतीत, आणखी काही अशा टंकांत की ज्यांची नावेही आता कोणी घेत नाही. इस्कीत 'कि' लिहिताना आधी क आणि मग वेलांटी साठविली जाते, जशी आपण उच्चारतो तशी. जुन्या टंकांत बहुधा वेलांटी आधी येते, जशी ती डोळ्यांस दिसते तशी, आणि अर्धी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसतात. युनिकोडात देवनागरी १९९१ पासून आहे खरी, पण सामान्य कचेरीच्या टेबलावर ती पोहोचली विंडोज २००० नंतर. मधल्या काळातले दिवाळी अंक, स्मरणिका, मंडळांचे अहवाल, कोणाचा प्रबंध, कोणाची अप्रकाशित कादंबरी, हे सारे या मधल्या वस्तीत अडकले आहे. जे छापले गेले ते वाचले. जे छापले गेले नाही त्याची एकुलती एक प्रत आज कोणाच्या तरी माळ्यावर बुरशी धरीत आहे.

यावर सुशिक्षितांचे एक ठरीव उत्तर असते: 'जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली आता फुकट मिळते, मग हे लोढणे कशास?' नक्कल उपयुक्त आहे, आम्हीही ती वापरतो. परंतु नकलेस चालविण्यासाठी आधी मजकूर चकतीवरून उतरावा लागतो, आणि तो उतरविण्यास खरा ड्राइव्ह, खरी केबल आणि बहुतेक वेळा खरे यंत्रच लागते. शिवाय नक्कल बरोबर आहे की नाही हे ताडून पाहावयाचे कशाशी? दुसरा आक्षेप गुप्ततेचा. तो मात्र योग्य आहे. त्यास उपाय सोपा. हार्ड डिस्क काढून तिचा नियमाप्रमाणे चुरा करा, उरलेले द्या. आम्हांस कोणाच्या फायली नकोत. तिसरा आक्षेप जागेचा. ज्या कचेऱ्यांत मोडक्या खुर्च्या दहा-दहा वर्षे जिन्याखाली सुखाने नांदतात त्यांनी जागेचा प्रश्न काढू नये.

हे काम करतो कोण? या शहरात १९८३ साली इन्फोसिस आली, १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली, आणि संगणकाने येथील जमिनीचे सोने केले. आमच्या घरापासून जालहळ्ळी दूर नाही. तेथील भारत इलेक्ट्रॉनिक्सने हातभार लावलेला सिंप्युटर २००४ साली बाजारात आला तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता! आज तो पाहावयास हवा असेल तर कोणा छांदिष्टाचे दार ठोठवा. १९८४ च्या शालेय संगणक योजनेत बी.बी.सी. मायक्रो धर्तीची यंत्रे आली, मोहालीच्या सरकारी कारखान्याची युनिकॉर्न यंत्रेही आली. आमच्या वाचकांतील पन्नाशी उलटलेल्या कित्येकांनी आयुष्यातला पहिला संगणक तो पाहिला असेल, बहुधा चपला बाहेर काढून. त्यांतील एखादे यंत्र आज चालत असेल तर ते पगारी माणसाने चालू ठेवलेले नाही. रविवारी सदर पत्रप्पा रस्त्यावर जुन्या सुट्या भागांच्या टोपल्या उपसणारे, झाळकामाची लेखणी हातात घेऊन रात्री जागणारे, घरच्यांची बोलणी खाणारे जे चार वेडे आहेत त्यांनी ते ठेवले आहे.

वेड्यांची आपल्याकडे परंपरा आहे. पुण्याचे दिनकर केळकर दिवे, अडकित्ते, दारांच्या चौकटी गोळा करीत हिंडत, तेव्हा त्यांस हसणारे थोडे नव्हते. तोच संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनास मिळाला आणि आज पाहुण्यास पुणे दाखवावयाचे म्हटले की आपण त्यास तेथे नेतो. राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव फिरले तेही कोणत्या खात्याच्या हुकुमाने नव्हे. फरक एवढाच की केळकरांना अडकित्ता घेताना नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्ता असावे लागत नसे.

परंतु छांदिष्टांची बाजू घेताना त्यांतील काहींचे कान धरणेही आवश्यक आहे. यंत्र मिळविले, पुसले, कपाटात ठेवले, छायाचित्र काढले, की आपले काम संपले असे मानणारे पुष्कळ आहेत. काहीजण तर पिवळे पडलेले प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात पांढरे करण्यात महिने घालवितात. आमच्या मते हा म्हाताऱ्यास कलप लावण्याचा प्रकार आहे. प्लॅस्टिक पिवळे असल्याने एकही अक्षर कमी वाचले जात नाही. याउलट आत मदरबोर्डावरची निकेल-कॅडमियमची बॅटरी पाझरते, तिचा क्षार तांब्याच्या बारीक वाटा खाऊन टाकतो, आणि बाहेरून चकचकीत दिसणारे यंत्र आतून मेलेले असते. म्हणून पहिले काम बॅटरी काढण्याचे. मग सुकलेले, फुगलेले कपॅसिटर बदलण्याचे, मग ड्राइव्हचे डोके अल्कोहोलने पुसण्याचे. आणि यंत्र सुरू झाले की ते दुसऱ्यास वापरावयास देण्याचे. जे यंत्र उसने जात नाही ते केळकरांच्या परंपरेतले नव्हे, सावकाराच्या परंपरेतले.

उसने दिल्याने काय होते ते आम्ही पाहिले आहे. परमुलखातल्या एका मराठी मंडळाच्या १९९४ सालच्या स्मरणिकेत जागेअभावी गाळलेल्या लेखांच्या सव्वापाच इंची चकत्या आमच्याकडे आल्या. त्यांत मंडळाच्या संस्थापकांपैकी एका बाईंच्या आठवणी होत्या. बाई आता नाहीत, आणि हस्तलिखित घर बदलताना गेले. मत्तिकेरेतील एका निवृत्त तंत्रज्ञ गृहस्थांनी आपले ३८६ यंत्र सोळा दिवस वापरावयास दिले. अट एकच: वहीत नाव, तारीख, आणि परत करताना काय बिघडले ते खरे लिहावे. आमच्या हाती एक पट्टा तुटला. तो आम्ही लिहिला आणि बदलून दिला. चकत्या ३६० किलोबाइटच्या होत्या, यंत्रातला ड्राइव्ह १.२ मेगाबाइटचा. अशा ड्राइव्हने जुनी चकती वाचावी, तिच्यावर लिहू मात्र नये, हे त्यांनीच बजावले. सातपैकी पाच चकत्या उतरल्या. मजकूर जुन्या टंकातला, त्याचे युनिकोड करण्यास आणखी दोन महिने लागले. बाईंच्या आठवणींची एकतीस पाने हाती आली, शेवटची कदाचित तीन-चार नाहीत. १९६० च्या सुमारास यशवंतपूर स्थानकावर उतरल्यावर टांगेवाल्याशी कोणत्या भाषेत बोलावे या घोळात त्या कशा उभ्या राहिल्या, हे त्यांत आहे. त्यांच्या कन्येस आम्ही ती छापून पाठविली. त्यांचे पत्र येथे उद्धृत करणार नाही. ते आम्हांस लिहिलेले आहे.

आता मूळ मुद्दा. हे मासिक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण आमच्यासारखेच बदलीच्या नोकरीतले आहेत, आणि त्यांतील कित्येक स्वतः निर्लेखन समितीवर बसतात. नियम बदलणे आपल्या हाती नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु प्रस्ताव पाठविणे हाती आहे. निर्लेखनाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: 'वस्तू या प्रकारची शेवटची आहे काय?' असेल तर ती काट्यावर चढविण्याआधी एखाद्या सार्वजनिक वस्तुसंग्रहालयास वा विद्यापीठास विचारावे. दुरुस्तीकारास तर नियमांतच स्थान आहे. मग दहा छांदिष्टांच्या नोंदणीकृत संस्थेस परवडेल अशा सोप्या अटींवर तशी नोंदणी का मिळू नये? आणि चकत्यांची खोकी यंत्राबरोबर कधीही देऊ नयेत. त्यांची आधी यादी करावी, मजकूर उतरवावा, न उतरल्यास अभिलेख शाखेकडे पाठवावीत. यास पैसा लागत नाही, टिपणी लागते, आणि टिपणी लिहिणे हा तर आपला धर्म.

ज्यांच्या घरी जुन्या चकत्या आहेत त्यांनी त्या उन्हात टाकू नयेत, कपड्याने पुसू नयेत, आणि मुख्य म्हणजे त्या आपण होऊन फेकू नयेत. मासिकाच्या पत्त्यावर लिहावे. थोडा धीर मात्र धरावा लागेल. सव्वापाच इंचीचा चालू स्थितीतला एकच ड्राइव्ह सध्या आमच्या वर्तुळात आहे आणि तो दिवाळीपर्यंत हुबळीस गेलेला आहे. जिस्ट कार्ड कोणाकडे असल्यास आम्ही ते नेण्यासाठी स्वतः येऊ.