मिनार जपले, सडक हरवली

महाराष्ट्रातून दिल्लीला जाणाऱ्या अनेक गाड्या हजरत निजामुद्दीन स्थानकात थांबतात. स्थानकाला लागूनच सराय काले खाँ आहे. तिथे आंतरराज्य बसस्थानक आहे, मेट्रो आहे, आता मेरठची ‘नमो भारत’ही आली. मुक्कामाची जुनी जागा प्रवाशांची सोय आजही बघतेच आहे, मात्र आपण एका बादशाही सडकेच्या टप्प्यावर उतरलो, हे सांगणारे तिथे काही नाही. बेर सराय, लाडो सराय, युसूफ सराय ही नावे दिल्लीकर रोज उच्चारतो, तीही सुटीसुटी. राजधानी परिसरात या सडकांचे अवशेष आपण जपले आणि सडक मात्र हातची घालवली, असे माझे मत आहे.

या सडकांवर कोसाकोसाचे अंतर दाखवणारा कोसमिनार कसा असतो ते पाहा. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात एक उभा आहे. खाली अष्टकोनी, वर गोल आणि निमुळता, विटांचा नि चुन्याचा, साधारण तीस फुटांचा. चढायला जिना नाही, पाहण्यासारखे नक्षीकाम नाही. एकटा मिनार काहीच सांगत नाही, कारण त्याचा अर्थ पुढच्या मिनारात आहे. बाबराने १५२८ च्या अखेरीस आग्रा ते काबूल अंतर मोजून दर नऊ कोसांवर मिनार आणि दर अठरा कोसांवर डाकेचे सहा घोडे ठेवण्याचा हुकूम दिला. शेरशहाने सराया वाढवल्या. जहांगीराने १६१९ मध्ये आग्रा-लाहोर मार्गावर दर कोसाला मिनार आणि दर तीन कोसांना विहीर बांधायला सांगितले. म्हणजे ही साखळी होती, आणि आपला कायदा तिची एकेक कडी वेगळी मोजतो. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण. दोन मिनारांमध्ये मात्र तीनेक किलोमीटरचे अंतर असते. त्यातला बहुतेक भाग कुणाच्याच हिशेबात नाही. हरियाणात पन्नासच्या आसपास मिनार उरले आहेत, त्यांतले कित्येक एकट्या फरिदाबाद जिल्ह्यात. तिथे तरी ओळ अजून जुळवता येते.

सडक जपता येते का, यासाठी जपानच्या जुन्या मार्गांशी तुलना केली की लगेच उत्तर येते, की तिथली गोष्ट वेगळी. काही अंशी ते खरेही आहे. नाकासेंदो या जुन्या मार्गावरचे त्सुमागो हे मुक्कामाचे ठाणे वाचले, कारण रेल्वे आणि नवे रस्ते त्याला टाळून गेले आणि गाव ओस पडत चालले होते. घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत, असे गावकऱ्यांनी १९७१ मध्ये ठरवले. दिल्लीच्या सरायगावांत हे चालणारे नाही, मागूही नये. पण तोक्योहून क्योतोला जाणारा तोकाइदो पाहा. त्याच्या वाटेवर आज राष्ट्रीय महामार्ग आहे, त्याच पट्ट्यातून शिनकानसेन धावते, जुनी घरे बहुतेक गेली. तरीही त्याची ५३ ठाणी क्रमाने ठाऊक आहेत आणि पायी चालणाऱ्याला शोधता येतात. तेव्हा शहर वाढले म्हणून सडक विसरावीच लागते असे नाही.

दुसरा आक्षेप राजकीय आहे: मुघलांच्या खुणा कशाला मिरवायच्या? एक तर ही वाट मुघलांहून कितीतरी जुनी. शिवाय ती आपलीही आहे. पेशव्यांच्या दिल्लीतल्या हिंगणे वकिलांची पत्रे पुण्याला जात ती जासुदांच्या पायांवर. १७६० मध्ये भाऊसाहेबांची फौज दिल्लीहून कुंजपुऱ्याकडे आणि मग पानिपतावर गेली ती याच पट्ट्यातून. १८५७ च्या जूनमध्ये इंग्रजांशी लढाई झाली ती बादली की सराय इथे, तिचे दोन दरवाजे अजून उभे आहेत. पानिपताच्या नावाने गहिवरणाऱ्या मराठी माणसाला तिथवरची वाट ठाऊक नसावी, हे विचित्रच.

विखुरलेल्या जागा एक वारसा म्हणून मांडता येतात, हे २०२५ मध्ये आपणच पाहिले. महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले एकत्रच जागतिक वारसा यादीत गेले. या बादशाही सडकेवरची, म्हणजेच ग्रँड ट्रंक रोडवरची स्थळे तर २०१५ पासून भारताच्या संभाव्य यादीत आहेत, आणि तिथेच अडकून पडली आहेत. तोवर दोन कामे फारशा खर्चाशिवाय होतील. दिल्ली आणि हरियाणाने मिळून मिनार, सराया, विहिरी आणि पूल यांची सडकेच्या क्रमाने एकच नोंद करावी. आणि मथुरा रोडवर जिथे मिनार नाहीसा झाला आहे, तिथे पदपथावर एक साधा दगड बसवून मागचा आणि पुढचा कोस कुठे आहे ते त्यावर लिहावे.