१९११ : रूळ आले, हिशेब राहिला

१९११ हे साल पाठ्यपुस्तकांत अवतरते ते दिल्ली दरबाराच्या थाटामाटासह. १२ डिसेंबरला पंचम जॉर्ज यांनी वंगभंग रद्द केल्याची व राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा केली. दोनच दिवसांनी आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला. तत्पूर्वी २९ ऑगस्टला हैदराबादेत सहावे निजाम मीर महबूब अली खान निवर्तले व मीर उस्मान अली खान गादीवर आले. विद्यार्थी ही जंत्री पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि विसरतो. कारण तिचा त्याच्या गावाशी संबंध काय, हे त्याला कोणी सांगत नाही.

वास्तविक त्याच वर्षी लातूरला आगगाडी आली. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी मार्ग १९११ साली लातूरपर्यंत पोचला. नांदेड तर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच हैदराबाद-मनमाड मीटरगेज मार्गाने जोडले गेले होते. रुळांमागून बाजार आला. लातूरची गंजगोलाई १९१७ ची. दळणवळणाने व्यापार वाढला, याविषयी दुमत नाही. परंतु भांडवल कोणाचे, नफा कोणाचा आणि जोखीम कोणाच्या माथी, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत. बार्शी लाइट ही लंडनमध्ये स्थापन झालेली कंपनी. नांदेडचा मार्ग चालविणाऱ्या निजाम गॅरंटीड स्टेट रेल्वे कंपनीच्या तर नावातच हमी होती. गाडी भरून धावो वा रिकामी, भागधारकाला ठरलेले व्याज मिळावे, अशी ही व्यवस्था. तूट भरून काढावयाची ती संस्थानच्या खजिन्याने, म्हणजे अखेर शेतसारा देणाऱ्या रयतेने.

हा प्रश्न हैदराबादेत कोणी विचारलाच नाही, असे नव्हे. १८८३ साली चांदा रेल्वेच्या कराराची जाहीर चर्चा व्हावी, असा आग्रह काही सुशिक्षितांनी धरला. त्यांतील अघोरनाथ चट्टोपाध्याय (सरोजिनी नायडूंचे वडील) यांना त्यापायी संस्थानातून हद्दपार व्हावे लागले. प्रश्नकर्ता गेला, करार राहिला.

चीनमध्ये मात्र १९११ साली हाच प्रश्न दडपता आला नाही. मे महिन्यात मांचू सरकारने प्रांतिक रेल्वे कंपन्यांचे मुख्य मार्ग ताब्यात घेण्याचे जाहीर केले आणि ब्रिटिश, फ्रेंच, जर्मन व अमेरिकन बँकांशी कर्जाचा करार केला. सिच्वान प्रांतातील रेल्वेचे भांडवल बव्हंशी जमिनीवरील अधिभारातून उभे राहिले होते. म्हणजे सामान्य शेतकरीही तिचा भागधारक होता. तो खवळला. चेंगडूत हरताळ झाला, सप्टेंबरमध्ये गोळीबार झाला. बंडाळी मोडण्यासाठी शेजारच्या प्रांतातून फौज हलविली गेली आणि १० ऑक्टोबरला वूचांगच्या छावणीत उठाव झाला. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी बालसम्राटाच्या वतीने राज्यत्याग जाहीर झाला. साम्राज्य केवळ रेल्वेमुळे कोसळले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण ठिणगी पडली ती हिशेबाच्या प्रश्नातून.

निजामाची रेल्वे १९३० साली संस्थानने विकत घेतली. बार्शी लाइट १९५४ साली भारत सरकारकडे आली. मालकीचा प्रश्न मिटला. हिशेबाचा मिटला काय? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, तेही बहुतांशी जुन्या बार्शी लाइटच्याच वाटेने, आता ब्रॉडगेज झालेल्या रुळांवरून. ज्या वाटेने एके काळी शेतमाल बाहेर गेला, त्याच वाटेने पिण्याचे पाणी आत आले! त्या पाण्याचे कौतुक झाले, ते यथोचितच होते. परंतु मांजरा कोरडी का पडली, अवर्षणप्रवण भागात उसाला किती पाणी गेले आणि तो निर्णय कोणी घेतला, ही चर्चा पहिल्या पावसाबरोबर वाहून गेली.

सनावळ्या पाठ करविणे सोपे आहे. १९११ सालाचा धडा शिकवायचा असेल, तर नांदेड-लातूरच्या वर्गांतून रुळांचा आणि पाण्याचा जमाखर्च मांडायला शिकवावे लागेल. आज हिशेब मागणाऱ्यास हद्दपारीचे भय नाही. मग तो मागितला जात नाही, याचा दोष कोणत्या निजामाला द्यायचा?