तरंगंबाडीचं जेरुसलेम

तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीत, त्या काळच्या डॅनिश वसाहतीत, न्यू जेरुसलेम हे लुथरन चर्च १७१८ साली उभं राहिलं. क्रुसाच्या आकाराचा आराखडा, जाड भिंती, दर्शनी बाजूला डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याची मुकुटांकित मोहोर. पण राजाच्या मोहोरेपेक्षा मला इथली तमिळ प्रार्थना मोठी वाटते. ती रुजवणारा, बायबलचा नवा करार तमिळमध्ये आणणारा मिशनरी झिगेनबाल्ग १७१९ मध्ये वारला. त्याची कबर इथेच आहे.

पुढे झिगेनबाल्गच्या याच मिशनमधून श्वार्ट्झ हा मिशनरी तंजावरला गेला आणि सरफोजी राजे भोसल्यांचा गुरू झाला. राजांनी गुरूसाठी लंडनच्या फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतलं. तंजावरला मोडी कागद पाहायला जाणाऱ्या वाचकांनी तेही जरूर पाहावं.