वही कोणाच्या हाती?

शरीरविक्रय करणाऱ्या, हल्लीच्या सभ्य भाषेत ‘एस्कॉर्ट’ म्हणविल्या जाणाऱ्या स्त्रीकडे जाऊन आलेल्या गिऱ्हाइकाने तिच्याविषयी आपला अभिप्राय लिहावा, असा आग्रह सुशिक्षित माणसेही धरतात. त्यामुळे पुढच्याची फसवणूक टळेल, प्रामाणिक स्त्रीला अधिक गिऱ्हाइके मिळतील आणि कोठे बळजबरी असेल तर ती उघडकीस येईल, असे त्यांचे म्हणणे. साबणाची वडी पारखण्याचा जो हक्क ग्राहक चळवळीने मिळविला, तोच येथे लागू करा, एवढाच त्याचा अर्थ. पण साबणाला पोलीस पकडत नाहीत.

डहाणू-तलासरीच्या कार्यकर्त्याला तरी या प्रश्नाची दुसरी बाजू फोड करून सांगावी लागू नये. लग्नासाठी कर्ज काढणारा वारली येथे ‘लग्नगडी’ होई आणि त्याच्यामागे त्याची बायकोही सावकाराकडे राबे. कर्जाची वही सावकाराच्या पेटीत. काय फिटले आणि काय उरले, हे तोच लिहिणार. जमीनदारांकडून आदिवासी स्त्रियांवर होणारे अत्याचार १९३९ च्या सिमिंग्टन अहवालात एका सरकारी अधिकाऱ्यानेच नमूद केले; गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या ग्रंथात ते सविस्तर आले आहेत. २३ मे १९४५ रोजी झरीला वारल्यांची परिषद भरली, वेठ नाकारली गेली, लग्नगडी मोकळे झाले. ज्यांच्याविषयी आजवर दुसरेच लिहीत होते, ती माणसे त्या दिवसापासून स्वतः बोलू लागली.

गिऱ्हाइकाचा अभिप्राय ही त्याच जातीची वही आहे. ती नवीही नाही. लंडनमध्ये १७५७ ते १७९५ या काळात ‘हॅरिसची यादी’ निघत असे; तीत स्त्रियांची नावे, ठिकाणे, रूपवर्णने आणि दर छापलेले असत. पैसे न देता पळालेल्या किंवा मारहाण करणाऱ्या पुरुषांसाठी तीत रकाना नव्हता.

आज त्या स्त्रीने उलट उत्तर द्यायचे म्हटले तर कोठे द्यायचे? १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने देहविक्रय हा स्वतः गुन्हा ठरविलेला नाही, पण गिऱ्हाइकाला साद घालणे हा गुन्हा आहे. दोघी सुरक्षिततेसाठी एका घरात राहून धंदा करू लागल्या तर ते घर कुंटणखाना ठरते. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचा हक्क मान्य केला आणि छाप्याच्या वेळी त्यांची ओळख प्रसारमाध्यमांनी उघड करू नये असे बजावले. जे वृत्तपत्राला करता येत नाही, ते गिऱ्हाइकाने अभिप्रायाच्या नावाखाली करावे काय? नाव, ठिकाण आणि शरीराच्या खुणा एकदा लिहिल्या गेल्या की त्या पोलिसाच्या, खंडणीखोराच्या आणि गावाकडच्या भावकीच्या हाती पडायला वेळ लागत नाही. शिवाय वाईट शेऱ्याचा धाक दाखवून निरोध नाकारता येतो, ठरल्यापेक्षा अधिक मागता येते.

राहिला बळजबरी उघडकीस आणण्याचा मुद्दा. समोरची मुलगी अल्पवयीन आहे किंवा विकून आणलेली आहे असे दिसत असता तिचा उपभोग घेणे हा कायद्याने गुन्हा आहे. अशा गिऱ्हाइकाचा ‘अभिप्राय’ म्हणजे कबुलीजबाब होय. ज्याला खरोखर कळवळा आहे त्याने पाऊल मागे घ्यावे आणि १०९८ वर किंवा ११२ वर कळवावे. रूपगुणांचे वर्णन तेथे कोणी विचारीत नाही.

या धंद्याविषयी डाव्या चळवळीत एकमत नाही, हे मी जाणतो. तो संपला पाहिजे म्हणणारे आणि त्याला कामाचा दर्जा द्या म्हणणारे, दोघेही आपलेच आहेत. परंतु वहीच्या प्रश्नावर दोघांनी एकत्र यायला हरकत नसावी. सांगलीत १९९६ साली या स्त्रियांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभारली आणि आपली गाऱ्हाणी त्या स्वतः मांडू लागल्या. ब्रिटनमध्ये २०१२ पासून एक संस्था हिंसक गिऱ्हाइकांच्या खबरी या स्त्रियांकडूनच घेते आणि इतर स्त्रियांना सावध करते. तेथे शेरा तिचा असतो आणि नोंद त्याची. आपल्या महामार्गालगतच्या गावांतून अशी एखादी बाई तक्रार घेऊन तालुका कचेरीत आली, तर तिला आधी तिचा धंदा विचारायचा की तिचे म्हणणे लिहून घ्यायचे, हे आपल्या शाखांनी आजच ठरवून ठेवावे.