स्वस्त कशास म्हणावे?

मुदत ठेवीच्या व्याजावर समाधान मानणारा मध्यमवर्ग आता शेअरबाजाराकडे वळला आहे. २०२२ साली देशातील डीमॅट खात्यांची संख्या दहा कोटींपलीकडे गेली. यात वावगे काही नाही. मात्र सल्लागार मंडळी जो एक आकडा ग्राहकाच्या पुढ्यात टाकतात, तो पारखून घेणे अगत्याचे आहे. हा आकडा म्हणजे ‘पीई’ गुणोत्तर. समभागाच्या बाजारभावाला त्या समभागामागे कंपनीने वर्षभरात मिळविलेल्या नफ्याने भागावयाचे. भाव १०० रुपये आणि नफा १० रुपये असेल, तर गुणोत्तर १०. आकडा लहान तर समभाग स्वस्त, मोठा तर महाग, असे सांगून सल्लागार मोकळे होतात.

परंतु ज्या नफ्याने भागावयाचे, तो टिकणारा आहे काय? गोमंतकीयांना तरी हा प्रश्न नवा वाटू नये. चीनचे पोलाद कारखाने आमचे लोहखनिज चढ्या दराने उचलत होते, तेव्हा खाणधंद्याचे नफे फुगले होते. अशा भरतीच्या काळात समजा वरील कंपनीचा नफा १० वरून २५ रुपयांवर गेला आणि भाव १०० वरून १५० वर. गुणोत्तर ६ वर उतरले! समभाग दीडपट महागला, तरी कागदावर तो पूर्वीपेक्षा स्वस्त दिसू लागला. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द ठरविले. भरतीच्या वर्षांतील कमाई कायमची मानून ट्रक आणि बार्ज घेणाऱ्यांची कर्जे कशी थकली, हे डिचोली-सांग्यात कोणासही विचारावे. त्यांनी ‘पीई’ हा शब्दही ऐकला नसेल. चूक मात्र तीच.

याच्या उलटही घडते. २००९ साली अमेरिकेतील पाचशे बड्या कंपन्यांचा निर्देशांक कोसळला असताना त्याचे गुणोत्तर शंभरापुढे गेले, कारण भावांपेक्षाही नफे अधिक वेगाने आटले होते. आकडा पाहून जो दूर राहिला, तो पुढील तेजीस मुकला.

यावरचा उपाय जुनाच आहे. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ सालीच सांगून ठेवले की, एका वर्षाचा नफा न घेता किमान पाच, शक्यतो सात वा दहा वर्षांची सरासरी घ्यावी. आमच्याकडे कुळागर विकत घेणारा तरी एकाच हंगामाच्या सुपारीवरून किंमत ठरवितो काय?

सरासरी काढतानाही एक दक्षता हवी. राष्ट्रीय शेअरबाजाराच्या ‘निफ्टी’चे गुणोत्तर मार्च २०२१ च्या अखेरीस ४० च्या आसपास होते; दुसऱ्याच दिवशी ते ३३ च्या घरात आले. भाव गडगडले नव्हते. उपकंपन्यांचा नफा हिशेबात धरण्यास त्या दिवसापासून प्रारंभ झाला, इतकेच. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एकाच आलेखात जोडून दाखविणाऱ्या सल्लागारास हा बदल ठाऊक आहे काय, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्यावे.