नागिणीचे पहिले तीन दिवस

फाल्गुनात हिंगोली-वसमतच्या पट्ट्यात हळद शिजायला लागते. समजा, त्या कामावर राबणाऱ्या साठीच्या एका बाईचे अर्धे कपाळ ठणकू लागले. उन्हाने डोके उठले, असे तिला वाटते. दोन दिवसांनी भुवईवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुबका उठतो. शेजारीण म्हणते, ‘‘मावशी, ही तर नागीण!’’ मग गेरूचा लेप, मंत्र टाकणारा आणि नागिणीचे तोंड-शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही धास्ती.

नाव शेजारणीने बरोबर ओळखले. धास्ती मात्र खोटी. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षे दबा धरून असतो. वय झाले, मधुमेह जडला, अंगातली ताकद घटली की तो त्याच नसेच्या वाटेने कातडीवर येतो. नस एकाच बाजूची, म्हणून फोडही एकाच बाजूला. कपाळाच्या मध्यावर रेघ मारल्यासारखे थांबतात. तोंड-शेपूट जुळायचे कुठे? आणि हीच रेघ डॉक्टरांची निदानाची मोठी खूण. बहुतेकदा तपासणीही लागत नाही, नीट बघणे पुरते.

खरा धोका डोळ्याला. नाकाच्या शेंड्यावर फोड आला, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठलाच पाहिजे. कानात फोड येऊन तोंड वाकडे झाले, तर तीही नागीणच असू शकते. जबड्याच्या नसेत ती शिरली की फोडांआधी दाढ ठणकते, आणि चांगली दाढ उपटली जाते. पुढे टाळूला एकाच बाजूने फोड आले की उलगडा होतो.

ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला फोड येतात, म्हणजे ‘जर मुततो’, त्यांचा विषाणू वेगळा. आठ-दहा दिवसांत ते फोड बहुधा आपोआप बरे होतात.

नागिणीवर असायक्लोव्हिर आहे. मोठ्या माणसाला सहसा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. मूत्रपिंड अधू असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात. फोड दिसल्यापासून ७२ तासांत सुरू केले तर गुण चांगला. नेमके हेच तास गेरूखाली जातात. वाळलेल्या लेपाआड पापणी किती सुजली, तेही दिसत नाही. फोड सुकले तरी काहींची आग महिनोन्‌महिने राहते. पदर लागला तरी सहन होत नाही.

हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झाले. आनंदच आहे. पण सेनगाव, औंढ्याकडच्या वाड्यांवर हे तीन दिवस घरातच सरतात. म्हणून आशाताईंच्या पिशवीत एकाच बाजूच्या फोडांचे छायाचित्र हवे, प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या कायम हव्यात. मंत्र टाकणाऱ्यांनाही हात जोडून विनंती करावी: चेहऱ्यावरची नागीण आली, तर आधी दवाखान्यात धाडा. तिथून परतल्यावर खपल्या धरेपर्यंत मावशीने तान्ह्या नातवाला आणि कांजिण्या न झालेल्या गर्भार सुनेला जवळ घेऊ नये, हेही आशाताईंनीच घरी सांगावे.